मर्सिडीजची जुनी कूपे घ्यायची तर 114 की 123?

माझा आतेभाऊ रिफायनरीतनं रिटायर झाला आणि पहिल्याच महिन्यात घरात जाहीर केलं की जुनी मर्सिडीज घ्यायची, ती पण दोन दारांची. 2023 च्या जानेवारीत बडोद्यात लक्ष्मी विलास पॅलेसवर 21 गन सल्यूटवाला जुन्या गाड्यांचा शो झाला ना, तेव्हाचा हा किडा. वहिनी म्हणाली सासूबाईंना मागे बसवणार कसं, त्यावर हा गप्प. पण चौकशी करायचं काम आलं माझ्या गळ्यात.

बजेटच्या जवळपास दोनच गाड्या येतात, 114 आणि 123 हे मर्सिडीजचे त्या-त्या पिढीचे नंबर. एक 114 ची कूपे, 1968 ते 76 मधली, भरपूर क्रोमवाली. दुसरी 123 ची, 1977 ते 85. दोन्हींना दाराच्या मागचा खांब नाही, चारी काचा खाली घेतल्या की एका बाजूने बघितलं तर दुसऱ्या बाजूचं सुरसागर तळं दिसतं, सगळी मजा तिथेच आहे. 280 सीई हे मॉडेल दोन्हीत मिळतं आणि इंजिनही त्याच घराण्यातलं, 2.8 लिटर, सहा सिलिंडर, त्यामुळे पळण्यावरून निवडण्यात अर्थ नाही. सासूबाईंचा मुद्दा काढलाच तर 114 जिंकते, कारण तिचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) चार दारांच्या सेडानइतकाच आहे, 123 च्या कूपेत तो साडेआठ सेंटीमीटर कापलाय आणि ते मागच्यांच्या गुडघ्यांना कळतं.

खरा फरक कागदांत आहे. पन्नास वर्षं ओलांडलेली गाडी बाहेरून आणता येते, चाळीसची नाही. म्हणजे 114 जर्मनीतून मागवू शकता, 123 मात्र भारतात जी आधीपासून आहे त्यातलीच शोधायची. मागवणं ऐकायला भारी वाटतं पण हिशोब करा, तिकडे 20 हजार युरोला घेतली तर इथले साधारण 20 लाख, त्यावर जहाजाचं भाडं आणि गाडीच्या किमतीपेक्षा जास्त टॅक्स, आकडा पंचेचाळीसच्या पुढेच जातो. मग आरटीओत विंटेज म्हणून नोंदवली तर 20 हजारात दहा वर्षं सुटलात, नंतर रिन्यूअल 5 हजार, थर्ड पार्टी इन्शुरन्सही अर्धा. पण विंटेजला मिळतो त्या व्हीए नंबरवर गाडी रोज फिरवायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला आणि रिपेअरला, बस. रविवारी सगळ्यांना घेऊन पावागढ हे त्यात बसत नाही.

123 चं उलटं आहे. साधा नंबर असतो, कुठेही न्या, पण 2025 च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या इम्पोर्टेड गाडीची रिन्यूअल फी 80 हजार झालीये, पाच वर्षांसाठी. वर्षाला 16 हजार धरा, थर्ड पार्टीचे 7,897 वेगळे. म्हणून बघायला गेलात की आरसी कधी संपतेय ते आधी विचारा आणि लवकर संपत असेल तर ते 80 हजार सरळ किमतीतून कापायला लावा, लाजू नका. (114 आधीच इथल्या साध्या नंबरवर असेल तर तिलाही हेच लागू.)

आता मिस्त्रीचा खर्च. 123 चं इंजिन, सस्पेन्शन, ब्रेक सगळं सेडानशी जुळतं आणि सेडान लाखोंनी बनल्यात, त्यामुळे पार्ट अडत नाही. अडतं ते फक्त कूपेचं, म्हणजे काचा, काचांची रबरं, क्रोमच्या पट्ट्या, यातलं एक जरी गायब असेल तरी महिने जातात, आणि 114 ला तर हे दुप्पट लागू. शिवाय 114 ची फ्युएल इंजेक्शन जुनी इलेक्ट्रॉनिक आहे, तिचा प्रेशर सेन्सर गेला की खिसा रिकामा. 123 ची इंजेक्शन, के-जेट्रॉनिक, मेकॅनिकल आहे, समजणारा हवा, पण समजणारा सापडला की चालते. ई-20 म्हणजे वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलमुळे दोन्हींचे जुने रबरी पाइप आल्या आल्या बदलून टाका, गरम इंजिनावर पेट्रोल गळालं तर विषय संपला. शहरात सहा-सात किलोमीटरचं ॲव्हरेज धरा.

गेल्या महिन्यात वाघोडिया रोडच्या एका गोडाऊनमध्ये पांढरी 123 बघून आलो. भाव 16 लाख, रंग असा चकाचक की आतेभाऊ बाहेरच विरघळला. बॉनेट उघडलं तर आत डिझेल! बिघडलेलं पेट्रोल इंजिन काढून टेम्पोचं बसवलेलं. तसं ते मर्सिडीजचंच ओएम 616, बजाज टेम्पोने लायसन्स घेऊन बनवलेलं, कुठलाही टेम्पोवाला मिस्त्री दुरुस्त करेल, ॲव्हरेजही चांगलं. पण कूपेची किंमत तिथेच पडते, आणि 114 मध्ये असं केलेलं असेल तर विंटेज नोंदणीलाच गोची, कारण त्याला मूळ इंजिन लागतं. मग मी पुढच्या सीटखालचं कारपेट उचललं. खाली सीटच्या रुळात वाळलेली पिवळट माती, बोटाने खरवडली तर पापुद्रा निघाला. ऑगस्ट 2024 च्या पुरात विश्वामित्री नदी कुठवर चढली होती हे बडोदेकरांना सांगायला नको. विकणारा म्हणतो, अहो धूळ आहे. धुळीचा पापुद्रा निघतो का कधी?

माझं मत विचाराल तर फिरवायची असेल तर 123, पेट्रोल इंजिन मूळचं असलेली, चार लाख जास्त द्यावे लागले तरी. 230 सीई मिळाली तरी नाक मुरडू नका, चार सिलिंडर आहे पण पेट्रोल कमी पिते. 114 सुंदर आहे, पण ती ज्याच्याकडे आधीच दोन जुन्या गाड्या आणि घरचा मिस्त्री आहे त्याची.

आतेभावाला सुरतेकडची एक 230 सीई कळलीये, आरसी 2029 पर्यंत आहे म्हणतात. रविवारी निघतोय, पत्र्यावर पुट्टी किती आहे बघायला लोहचुंबक आठवणीने घेतलंय, आणि वहिनी म्हणाली मीही येते, मागच्या सीटवर बसून बघते.