वर्ल्डमॅपर : माणसांच्या मापाने आखलेले जग

राजापूर तालुक्यातील आमच्या माध्यमिक शाळेच्या भिंतीवर मर्केटर पद्धतीने काढलेला जगाचा नकाशा आहे. १५६९ साली दर्यावर्दींच्या सोयीसाठी मांडलेल्या या पद्धतीत ध्रुवांकडचे प्रदेश अवाजवी मोठे दिसतात. त्यामुळे आफ्रिकेच्या जेमतेम चौदाव्या हिश्श्याएवढे असलेले ग्रीनलंड मुलांना आफ्रिकेच्या बरोबरीचे वाटते. हा समज पुसण्यासाठी मी यंदा नववीच्या वर्गात ‘वर्ल्डमॅपर’ हे संकेतस्थळ वापरले.

शेफिल्ड आणि मिशिगन येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पातील नकाशांत देशाचा आकार क्षेत्रफळावरून ठरत नाही. लोकसंख्या, आयुर्मान, स्थलांतर असा जो विषय निवडावा, त्यातील त्या देशाच्या वाट्यावरून तो ठरतो. पाण्यात टाकलेली शाई दाट भागाकडून विरळ भागाकडे पसरावी, तशी लोकसंख्या सर्वत्र सारखी होईपर्यंत गणिताने पसरू दिली जाते आणि तिच्यासोबत सीमारेषाही सरकतात. शेजारी देश मात्र शेजारीच राहतात, म्हणून विस्कटलेला नकाशाही ओळखता येतो.

लोकसंख्येचा नकाशा पडद्यावर आला तेव्हा पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, रशियाला काय झालं?” सुमारे १.७१ कोटी चौरस किलोमीटरचा तो देश सुरकुतून उत्तरेकडची पट्टी झाला होता आणि १.४८ लाख चौरस किलोमीटरचा बांगलादेश त्याच्याहून मोठा दिसत होता. लोकसंख्येची घनता ही संज्ञा मी इतकी वर्षे फळ्यावर लिहीत आले आहे, पण ती मुलांना खऱ्या अर्थाने कळली ती त्या क्षणी, असे मला वाटते.

इतिहासाच्या तासाला इसवी सन १ चा अंदाजी नकाशा तितकाच उपयोगी पडला. त्यात भारत आणि चीन मिळून निम्म्याहून अधिक जग व्यापतात. ज्या चौल आणि सोपारा बंदरांचे उल्लेख पहिल्या शतकातील ग्रीक नोंदींत सापडतात, तेथे परदेशी गलबते का येत होती, हे त्यानंतर वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

स्थलांतराच्या नकाशापाशी मात्र वर्ग थबकला. त्यात आपले चाकरमानी कुठे आहेत, असे मुलांनी विचारले. २००१ मध्ये १६,९६,७७७ असलेली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली आणि हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या. पण मुंबईला गेलेला माणूस देशाची सीमा ओलांडत नाही, म्हणून तो या मोजणीत येत नाही. ही मर्यादा देशनिहाय आकडेवारीची आहे, नकाशा काढणाऱ्यांची नव्हे, आणि शिक्षकाने ती वर्गात आवर्जून सांगितली पाहिजे.

संकेतस्थळ इंग्रजीत असल्यामुळे शीर्षके आधी मराठीत लिहून ठेवावीत. वर्गात दाखवण्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. आमच्याकडे पावसात नेट टिकत नाही, म्हणून मी निवडक नकाशे आधीच उतरवून घेते. भूगोलाच्या शिक्षकांना मी हे साधन मनापासून सुचवते, आणि त्याला जोडून एक उपक्रमही. आमच्या मुलांनी आपापल्या वाडीचे दोन नकाशे काढले, एक आषाढातला आणि एक गणपतीतला, आणि प्रत्येक घर त्यात राहणाऱ्या माणसांच्या प्रमाणात लहान-मोठे दाखवले. आषाढातल्या नकाशात कुलूप लावलेल्या घरांच्या जागी केवळ ठिपके आहेत.