पुण्यात स्पोर्ट्स कारला टायर घेताना: ओली पकड, साइडवॉल आणि मग बाकीचं

मे महिना उजाडला की ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, "पाऊस तोंडावर आलाय, टायर घासलेत, कोणते घेऊ?" विचारणाऱ्याने कोरड्या ट्रॅकवर कोणता टायर किती सेकंदांनी वेगवान आहे, हे आधीच पाठ केलेलं असतं. माझं उत्तर गेली काही वर्षं बदललेलं नाही. पुण्यात राहून स्पोर्ट्स कार चालवणाऱ्याने आधी ओल्या रस्त्यावरची पकड बघावी, मग साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, आणि कोरडी पकड सगळ्यात शेवटी. या वर्गातल्या कुठल्याही चांगल्या टायरची कोरडी पकड दिवे घाटात किंवा एक्सप्रेसवेवर सभ्यपणे वापरता येईल त्यापेक्षा जास्तच असते. खरा फरक पडतो तो जुलैत ताम्हिणीत, आणि रात्री बाणेरच्या पाण्याने भरलेल्या खड्ड्यात.

आधी अंगावरचे आकडे

उदाहरण म्हणून २२५/४० आर १८ ९२ वाय हा साइझ घेऊ. हॉट हॅच (ताकदवान इंजिनाच्या हॅचबॅक) आणि वेगवान सेडानमध्ये तो बराच दिसतो. २२५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ४० हा आकडा साइडवॉलचा, पण तो रुंदीच्या टक्केवारीत आहे: २२५ चे ४० टक्के, म्हणजे ९० मिमी. आर म्हणजे रेडियल, १८ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. ९२ हा भारांक, त्याचा अर्थ एका टायरने ६३० किलो पेलायचे. वाय हा वेगांक, म्हणजे ताशी ३०० किमीपर्यंतचा वेग. डब्ल्यू असेल तर २७०, व्ही असेल तर २४०.

एक्सप्रेसवेवर मर्यादा १०० ची असताना ३०० चा टायर कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण वेगांक म्हणजे टायर किती उष्णता सोसू शकतो याचाही दाखला असतो. एप्रिलच्या दुपारी तापलेल्या काँक्रीटवर, चार माणसं आणि सामान घेऊन तासभर सलग धावताना तीच ताकद कामी येते. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जो भारांक आणि वेगांक दिलाय, त्याच्या खाली उतरू नका.

ट्रेडवेअर नावाचा आणखी एक आकडा असतो. १०० हा त्याचा पाया. २०० चा टायर ठरावीक चाचणीत त्याच्या दुप्पट टिकला, असा त्याचा अर्थ. मात्र हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना त्यावरून करता येते, दोन वेगळ्या कंपन्यांची करताना जरा सांभाळून.

तीन घराणी

पहिलं घराणं ट्रॅकचं. मिशेलिन पायलट स्पोर्ट कप २ (ट्रेडवेअर १८०) किंवा योकोहामा अॅडव्हान निओव्हा एडी०९ (२००). रबर मऊ आणि चिकट, चर (पाणी वाहून नेणाऱ्या खाचा) कमी, खांदे (कडेचा भाग) जाड. तापल्यावर यांची पकड विलक्षण असते. ग्रेटर नोएडाचा ५.१२५ किमीचा बुद्ध सर्किट किंवा कोइम्बतूरचा करी स्पीडवे यासाठी हेच योग्य. पण साचलेलं पाणी बाहेर फेकायला लागणारे चर यांच्याकडे नसतात, आणि रोजच्या रस्त्यावर ते पुरेसे तापतही नाहीत. वर्षातून दोन-तीनदा खरोखर ट्रॅकवर जात असाल, तर वेगळ्या रिम्सवर चढवून ठेवा आणि रोजचे टायर वेगळे ठेवा. एकच सेट परवडणार असेल तर हा पर्याय विसरा. रस्त्यावर चालवायला कायदेशीर आहे म्हणजे पुण्याच्या पावसाळ्याला योग्य आहे, असं नाही.

दुसरं घराणं रस्त्यावरच्या सर्वोच्च कामगिरीचं: मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस, ब्रिजस्टोन पोटेंझा स्पोर्ट, पिरेली पी झीरो, गुडइयर ईगल एफ१ असिमेट्रिक. ४एस मध्ये एकाच टायरवर दोन प्रकारचं रबर आहे. बाहेरच्या खांद्याचं कोरड्या वळणासाठी, आतल्या बाजूचं ओल्या रस्त्यासाठी, सिलिका मिसळलेलं. सिलिकामुळे रबर थंड आणि ओल्या डांबरालाही धरून राहतं. ट्रेडवेअर ३००, म्हणजे कप २ पेक्षा बरंच जास्त आयुष्य. अडीचशे-तीनशे अश्वशक्तीच्या पुढच्या गाडीला, विशेषतः मागच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीला, माझ्या मते हेच घराणं हवं. पावसात खंबाटकी उतरताना ब्रेकवर पाय ठेवल्यावर जो विश्वास वाटतो, त्याचे पैसे आपण इथे मोजतो. उणी बाजू अशी की साइडवॉल कडक असते, त्यामुळे खड्डा थेट पाठीला कळतो. किंमतही जास्त.

तिसऱ्या घराण्याला 'स्पोर्टी पण रोजचं' म्हणता येईल: कॉन्टिनेंटल मॅक्सकॉन्टॅक्ट एमसी६, योकोहामा अॅडव्हान फ्लेव्हा, व्रेडेस्टाइन अल्ट्रॅक व्होर्टी. व्रेडेस्टाइन हा मूळचा डच ब्रँड, २००९ पासून आपल्या अपोलोकडे आहे. स्टिअरिंग फिरवल्यावर गाडीचं नाक वळायला दुसऱ्या घराण्यापेक्षा किंचित जास्त वेळ लागतो, आणि सलग घाटात जोरात चालवलं तर पकड आधी सैल पडते. बदल्यात पाकीट कमी हलकं होतं. दीडशे-दोनशे अश्वशक्तीची पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल, आठवडाभर कर्वे रस्ता ते हिंजवडी आणि रविवारी मुळशी असा क्रम असेल, तर मी इथेच थांबेन. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ५ मला या दोन घराण्यांच्या मधोमध वाटतो. कोरड्या पकडीचं टोक ४एस इतकं नाही, पण ओल्या रस्त्यावर आणि आयुष्यात तो कमी पडत नाही.

'ऑल सीझन' टायर कोणी सुचवले तर आभार माना आणि पुढे जा. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक होऊ लागतं. आपल्याकडे जानेवारीतली पहाटसुद्धा बहुधा १० अंशांच्या आसपास असते. बर्फासाठी केलेली तडजोड पुण्याच्या डांबरावर वागवण्यात अर्थ नाही.

पाणी

टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर शिरला की चाक रस्त्यावरून उचललं जातं आणि स्टिअरिंग हातात हलकं, रिकामं लागतं. हा अनुभव ज्याने घेतलाय तो विसरत नाही. नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर प्रयोग करून यासाठी एक ढोबळ सूत्र काढलं, आणि त्यात मुख्य घटक आहे हवेचा दाब. पाणी चरांपेक्षा खोल असेल तर ३२ पीएसआयला चाक तरंगू लागण्याचा वेग ताशी सुमारे ९४ किमी येतो. हवा २६ वर उतरली तर तोच वेग ८५ च्या आसपास. कारच्या टायरसाठी हे आकडे अंदाजापुरतेच, पण दिशा अगदी बरोबर दाखवतात. महिनाभर हवा न तपासता लोणावळ्याकडे निघालेला महागडा टायर, नीट हवा भरलेल्या साध्या टायरच्या मागे पडू शकतो.

दुसरी गोष्ट रुंदीची. रुंद टायर देखणा दिसतो, वळणात कोरड्या रस्त्यावर चांगला धरतो, पण त्याला तितकंच जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. २२५ च्या जागी हौसेने २४५ बसवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. पुण्यात वर्षाला सरासरी सातशे मिमीच्या आसपास पाऊस पडतो, आणि तासाभरावरच्या लोणावळ्यात चार हजारांच्या घरात. आपण रविवारी नेमके तिकडेच जातो.

चरांची खोली नव्या टायरमध्ये साधारण ७ ते ८ मिमी असते. कायद्याने किमान १.६ मिमी लागते. चरांच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे ट्रेडच्या पातळीला आले की ती मर्यादा आली. मी मात्र पावसाळ्यापूर्वी ३ मिमीच्या खाली गेलेला टायर ठेवत नाही. खोली मोजायचं छोटं गेज अगदी स्वस्तात मिळतं. मोजताना स्टिअरिंग पूर्ण वळवून आतली कड जरूर बघा. स्पोर्ट्स कारच्या चाकांना आतल्या बाजूला कल दिलेला असतो, त्यामुळे बाहेरून टायर धडधाकट दिसतो आणि आत गुळगुळीत झालेला असतो.

१८ इंची रिम की १७

या प्रश्नावर लोक सगळ्यात कमी विचार करतात आणि पुण्यात तोच सगळ्यात जास्त पैसे वाचवतो. २२५/४० आर १८ चा एकूण व्यास येतो ६३७ मिमी. २२५/४५ आर १७ चा ६३४. फरक अर्ध्या टक्क्याचाही नाही, म्हणजे स्पीडोमीटर जवळपास तसाच राहतो. पण साइडवॉल ९० वरून १०१ मिमी होते. हे ११ मिमी म्हणजे खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामधली जास्तीची गादी.

दोन पावसाळ्यांपूर्वी रात्री साडेदहाला पाण्याखाली लपलेल्या एका खड्ड्यात माझं पुढचं डावं चाक आपटलं. सकाळी साइडवॉलला लिंबाएवढा फुगा आला होता. टायर जेमतेम चार हजार किमी चाललेला. फुगा म्हणजे आतले धागे तुटलेत, त्याला दुरुस्ती नाही, टायर बाद. रिमही वाकली होती. त्यानंतर मी १७ वर आलो. वळणात गाडीचा कणभर करकरीतपणा गेला, हे खरं आहे आणि मला ते जाणवतं. पण आता पेव्हर ब्लॉकवरून जाताना श्वास रोखून धरावा लागत नाही.

१७ ची रिम ब्रेकच्या कॅलिपरवरून मोकळी फिरते का, हे आधी चाक लावून बघा. ताकदवान गाड्यांत बऱ्याचदा जागा नसते, आणि मग १८ ला पर्याय नाही. मागे-पुढे वेगळे साइझ असतील तर प्रकरण आणखी अवघड होतं. उदाहरणार्थ पोर्शे ७१८ ला १८ इंची रिमवर पुढे २३५/४५ आणि मागे २६५/४५ येतात. तिथे चाकांची मागे-पुढे अदलाबदल करता येत नाही, मागची जोडी लवकर झिजते, आणि पोर्शेने मान्य केलेल्या टायरवर एन अक्षराची खूण असते. बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीजसाठी एमओ. वॉरंटी चालू असेपर्यंत खुणेचाच टायर घ्यावा असं माझं मत आहे.

रन-फ्लॅट की साधा

रन-फ्लॅटमध्ये हवा पूर्ण गेली तरी ताशी ८० किमीपर्यंतच्या वेगाने साधारण ८० किमी जाता येतं. ताम्हिणीत रात्री मोबाइलला रेंज नसताना ही मोठी सोय आहे, शिवाय अशा गाड्यांच्या डिक्कीत स्टेपनी नसतेच. पण कडक साइडवॉलमुळे गाडी दणके खाते आणि टायर जड असतात. हवेशिवाय चालवलेला रन-फ्लॅट बहुतेक वेळा बदलावाच लागतो. शहरात जास्त फिरणाऱ्याने साधे टायर, हवा भरायचा छोटा पंप आणि पंक्चर किट घ्यावं. ज्याचं कुटुंब रात्री-अपरात्री घाटातून येतं-जातं, त्याने रन-फ्लॅट ठेवावेत. इथे मी आरामापेक्षा सुरक्षिततेला झुकतं माप देतो.

दुकानात

जून २०२० पासून नव्या टायरच्या आयातीवर परवान्याचं बंधन आहे. त्यामुळे मोठ्या साइझमध्ये हवं ते मॉडेल हवं तेव्हा मिळेलच असं नाही, आणि दुर्मीळ साइझ गोदामात जुना होत पडलेला असू शकतो. साइडवॉलवर डीओटी या अक्षरांपुढचे शेवटचे चार आकडे वाचा: २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. एका दुकानदाराने मला तीन वर्षं जुने टायर नवे म्हणून दाखवले होते. तारीख वाचून दाखवल्यावर आतून दुसरे आले. वर्षभराच्या आतले घ्या, आणि चारही टायरांच्या तारखा बघा, एकाच्या नाही. नाना पेठेत भाव करून घ्यायला हरकत नाही, पण बसवणाऱ्याकडे कमी उंचीच्या साइडवॉलसाठी योग्य मशीन आहे ना, ते पाहा. नाहीतर रिमला ओरखडे ठरलेले.

ओली पकड तुलनेने कशी कळणार? भारतात ऑक्टोबर २०२२ पासून नव्या डिझाइनच्या टायरना ओली पकड, चाक फिरतानाचा अवरोध आणि आवाज यांची किमान पातळी गाठावी लागते. एआयएस-१४२ हे ते मानक, आणि अशी मानकं प्रकाशित करणारी एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था आपल्या पुण्यातलीच. पण ते पास-नापासाचं मानक आहे, श्रेणी सांगत नाही. श्रेणी हवी असेल तर युरोपच्या लेबलवर ओल्या पकडीला ए ते ई अशी अक्षरं मिळतात. नेमकं तेच मॉडेल आणि तोच साइझ शोधा, आणि ए पेक्षा खाली उतरताना स्वतःला कारण विचारा.

दोनच टायर बदलायचे असतील तर गाडी कोणत्याही चाकांवर चालणारी असो, नवी जोडी मागे टाका. पावसात पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी करून सावरते. मागची घसरली तर गाडी फिरते. चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीत शक्यतो चारही एकदम बदला.

नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या पदार्थाचा पातळ थर असतो, म्हणून पहिले तीनशे किमी जपून चालवायचे. मृगाच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचं वर्षभराचं तेल वर येतं, तेव्हा टायरवरचा तो थर निघून गेलेला हवा. टायर मेच्या मध्यावर बसवून घ्या.