गिरगावातील छोटा प्रकाशक: एका कथासंग्रहाचा अनुभव

गिरगावातील एका छोट्या प्रकाशनसंस्थेने गेल्या वर्षी माझा कथासंग्रह काढला. संस्था म्हणजे दोन माणसे, एक संगणक आणि जिन्याखाली रचलेले गठ्ठे. माझ्याकडून एक रुपयाही घेतला गेला नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. कारण छपाईचा खर्च लेखकाच्या माथी मारणारे, आणि भारतात विनामूल्य मिळणाऱ्या आयएसबीएन या पुस्तकाच्या ओळख-क्रमांकाचेही पैसे लावणारे ‘प्रकाशक’ हल्ली कमी नाहीत.

संपादनाबाबत मी पूर्ण समाधानी आहे. प्रकाशकांनी १४ पैकी ३ कथा वगळायला लावल्या, एकीचा शेवट दोनदा लिहून घेतला आणि प्रत्येक खुणेमागचे कारण समोर बसून समजावले. अशोक शहाणे यांच्या ‘प्रास’ प्रकाशनाने १९७७ मध्ये अरुण कोलटकरांचा पहिला मराठी कवितासंग्रह याच शहरातून काढला होता, छोट्या प्रकाशकाचा जिना चढताना असा एखादा दाखला मनात असतोच, माझ्याही होता.

अक्षरजुळणीत मात्र ढिलाई झाली. युनिकोडमधला मजकूर जुन्या फाँटमध्ये बदलताना रफार आणि जोडाक्षरे ठिकठिकाणी मोडली, आणि तिसरे प्रूफ मी हट्टाने मागितले नसते, तर माझ्या कथांत ‘सूर्य’ कायम ‘सूय’ म्हणूनच उगवला असता.

खरी अडचण वितरणाची आहे. वितरक छापील किमतीवर मोठी सूट मागतो आणि पैसे विक्रीनंतर, तेही सावकाश देतो. ४०० प्रतींच्या आवृत्तीला हे झेपत नाही. म्हणून प्रकाशक स्वतः पिशवी घेऊन दादरच्या दुकानांत पाच-पाच प्रती ठेवून आले. त्या संपल्यावर नव्या पोहोचायला दीड महिना लागला, आणि नेमक्या त्याच काळात वृत्तपत्रातील परीक्षण वाचून आलेले वाचक रिकाम्या हाताने परतले.

करार दीड पानाचा होता: १० टक्के रॉयल्टी, २५ लेखकप्रती, प्रकाशकाकडे हक्क किती काळ राहतील त्या मुदतीचा उल्लेखच नव्हता. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार अशा वेळी मुदत पाच वर्षांची धरली जाते, तरीही मी ती लिहून घेतली आणि ई-पुस्तकाचे व अनुवादाचे हक्क स्वतःकडे ठेवले. त्यांनी कुरकुर न करता सही केली. मार्चअखेरचा हिशेब मात्र तीन फोन झाल्यावर जुलैत आला. आकडे चोख होते.

दुसरे हस्तलिखितही मी त्यांच्याकडेच दिले आहे. या वेळी हिशेबाची तारीख आणि ५० प्रती सवलतीत विकत घेण्याची मुभा, ही दोन कलमे करारात घालून.