ग्रॅम्प्स आणि तीन जन्मसालांचे आजोबा : काही महिने वापरल्यानंतर

वंशवृक्ष झटपट काढून भिंतीला लावायचा एवढंच डोक्यात असेल, तर ग्रॅम्प्स या वंशावळ नोंदवायच्या संगणक-प्रोग्रॅमच्या वाटेला जाऊ नका. त्यासाठी याहून सोप्या गोष्टी पुष्कळ आहेत. पण घरातल्या एखाद्या माणसाबद्दल कागद एक सांगतात, नातेवाईक दुसरंच, आणि कागदांचंही आपसात पटत नाही, अशी भानगड असेल तर हे वाचा.

माझ्याकडे ती भानगड म्हणजे वडिलांचे वडील. शाळेच्या नोंदवहीत जन्म 1909चा. नोकरीच्या सेवापुस्तकात 1912. मृत्यूच्या नोंदीत 1971 साली वय 55, म्हणजे जन्म 1915 नाहीतर 1916. जन्मगावंही दोन. आणि 1934च्या आसपास ते नक्की कुठे होते यावर आत्या आणि थोरले काका आजही वाद घालतात.

आधी मी पैसे भरून एका ऑनलाइन सेवेवर हे सगळं चढवायला घेतलं होतं. तिथे वंशवृक्षातल्या चौकटीत जन्मतारीख एकच, आणि ती भरली की लगेच 'तुमच्या आजोबांची आणखी माहिती सापडली' अशा सूचनांचा पाऊस. उघडून बघावं तर बहुतेक वेळा दुसऱ्या कुणीतरी बनवलेला वृक्ष. एकच चुकीचं साल दहा वृक्षांत दिसतं तेव्हा दहा साक्षीदार मिळाल्यासारखं वाटतं, पण ते एकमेकांचंच उतरवून घेतलेलं असतं. वर्गणी संपली आणि मी बाहेर पडलो.

ग्रॅम्प्स फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. 2001पासून स्वयंसेवक ते सांभाळताहेत. माहिती तुमच्याच संगणकावर राहते. देवनागरीत नावं बिनदिक्कत भरता येतात. पहिला आठवडा मात्र डोकं धरून बसायची तयारी ठेवा. व्यक्ती, कुटुंब, घटना, ठिकाण, स्रोत, त्या स्रोतातला नेमका संदर्भ, आणि तो स्रोत जिथे ठेवलाय ते भांडार, असं प्रत्येकाचं वेगळं दालन आहे. एक जन्म नोंदवायला चार खिडक्या उघडाव्या लागतात, हे सुरुवातीला चेष्टेसारखं वाटतं.

नंतर कळतं की सगळा जीव त्या चार खिडक्यांतच आहे. एकाच माणसाला जन्माच्या तीन घटना देता येतात. त्यातली एक मुख्य धरली जाते, अहवालात ती येते, पण बाकीच्या दोन पुसल्या जात नाहीत. प्रत्येकीला तिचा कागद जोडलेला, आणि त्या संदर्भाला विश्वासार्हतेची पायरी: अगदी कमी, कमी, साधारण, जास्त, खूप जास्त. ही पायरी निवडताना हात थांबतो, आणि थांबायलाच हवा. हे साल लिहून घेणाऱ्याला सांगितलं कुणी?

मृत्यूची नोंद घ्या. कागद अस्सल, शिक्का आहे, तारीख आहे. मृत्यूच्या दिवसापुरता तो कागद पक्का. पण त्यावरचं वय मेलेला माणूस सांगत नाही. माझ्याकडच्या नोंदीत माहिती देणारा म्हणून धाकट्या काकांची सही आहे. त्यांचा जन्म 1944चा. वडिलांच्या जन्माबद्दल त्यांना जे माहीत ते ऐकीव. वर आकडा 55. विचारून लिहिलेल्या वयांत 0 आणि 5वर संपणाऱ्या आकड्यांची गर्दी होते, हे लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्यांना इतकं सवयीचं आहे की ती मोजायला व्हिपल निर्देशांक नावाचं मापच आहे. म्हणून त्याच एका कागदाचे मी दोन संदर्भ केले. मृत्यूच्या तारखेला 'खूप जास्त', वयाला 'कमी'.

मग माहिती तपासण्याचं साधन चालवलं. विसंगती हुडकून ते यादी देतं. जन्म 1916 धरला तर थोरल्या काकांच्या जन्माच्या वेळी, म्हणजे 1931 साली, आजोबा पंधरा वर्षांचे ठरतात. ती ओळ यादीत आलीच. 1909 आणि 1912 दोन्ही चाळणीतून पार पडले. त्या दोघांत निवाडा अजून झालेला नाही, आणि ग्रॅम्प्स त्यासाठी अडून बसत नाही. '1909 आणि 1912च्या दरम्यान' अशी तारीख ते सरळ स्वीकारतं. 'सुमारे', 'आधी', 'नंतर' हेही चालतं. एक खाचखळगा सांगून ठेवतो: गाळणी लावून शोधताना 'सुमारे'चा अर्थ मुळात अलीकडे-पलीकडे 50 वर्षं असा धरलेला असतो. सेटिंगमध्ये जाऊन तो 5 करा, नाहीतर पणजोबाही आजोबांच्या रांगेत येऊन बसतात.

दोन जन्मगावांचं कोडं त्या मानाने पटकन सुटलं. ठिकाणांना इथे काळ जोडता येतो. अमुक सालापर्यंत हे गाव या जिल्ह्यात, पुढे त्या जिल्ह्यात. हद्द बदलल्याची तारीख भरली आणि दोन्ही कागद एकाच गावाबद्दल बोलताहेत हे दिसलं.

1934चं प्रकरण मात्र रंगलं. एका बदली-आदेशात आजोबांचं नाव होतं, आणि गाव थेट दुसऱ्या टोकाचं. त्यावरूनच काकांची 'ते घर सोडून गेले होते' ही कथा उभी. ऑनलाइन वृक्षांत तर तिकडच्या बायकोमुलांसकट आजोबांचं लग्न लावून टाकलेलं होतं. ग्रॅम्प्समध्ये मी त्या आदेशातल्या माणसाला वेगळी व्यक्ती म्हणून भरलं. दोन माणसं पुढे एकच निघाली तर जोडायची आज्ञा आहे, पण एकत्र केलेला माणूस पुन्हा सोडवणं फार किचकट. मग दोघांभोवतीची माणसं भरत गेलो: कागदावरचे साक्षीदार, वरिष्ठ, शेजारी, जामीन. घटनेत 'साक्षीदार' अशी भूमिका देता येते, ती इथे कामी आली. आजोबांच्या आसपासची नावं आणि त्या दुसऱ्याच्या आसपासची नावं एकदाही जुळली नाहीत. पुढे आणखी एका कागदावर दुसऱ्याच्या वडिलांचं नाव मिळालं. ते निराळं होतं. काका अजून 'असेल, असेल' एवढंच म्हणतात.

इतकं असूनही 1934 ते 1935 या काळात आजोबांचा स्वतःचा एकही कागद माझ्याकडे नाही. दुसरा माणूस वेगळा ठरला म्हणून आजोबा घरीच होते असं सिद्ध होत नाही. तेवढी टीप त्यांच्या पानावर आहे.

आता खटकणाऱ्या बाजू. मूळ ग्रॅम्प्स संगणकावर बसून वापरायचं आहे. फोनवरून बघायचं तर ग्रॅम्प्स वेब हे वेगळं प्रकरण आहे, आणि त्यासाठी सर्व्हर उभा करावा लागतो. ऑनलाइन सेवा जे आपणहून सुचवतात ते इथे मिळत नाही: बाहेरच्या नोंदी ग्रॅम्प्स स्वतः शोधत नाही. त्यासाठी मी फॅमिलीसर्च ही वंशावळीच्या नोंदींची वेबसाइट पाहतो. खातं फुकट आहे, स्कॅन केलेल्या नोंदी अफाट आहेत. पण तिथला वंशवृक्ष सगळ्या जगाचा मिळून एकच आहे आणि कुणीही त्यात बदल करू शकतो. म्हणून कागदाचं चित्र तिथून घ्यावं, निष्कर्ष आपले आपण काढावेत.

दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये माहिती न्यायची तर जेडकॉम (वंशावळीच्या प्रोग्रॅमांत माहितीची देवाणघेवाण करायचं सामाईक स्वरूप) फाइल करावी लागते, आणि त्या प्रवासात ग्रॅम्प्समधल्या बारकाव्यांपैकी काही गळतात. स्वतःसाठी जपून ठेवायची प्रत ग्रॅम्प्सच्या स्वतःच्या एक्सएमएल फाइल-स्वरूपातच घ्या, आणि नवी आवृत्ती टाकण्याआधी तर नक्कीच. हयात माणसांच्या नोंदींना 'खाजगी'ची खूण करता येते, बाहेर देताना त्या वगळायचा पर्याय निवडता येतो. नातेवाइकांना फाइल पाठवणार असाल तर हे विसरू नका.

आत्यांना छापील प्रत हवी होती. वर्णनात्मक अहवालात शेवटी टिपांसकट सगळे संदर्भ घेता येतात, तो दिला. त्यांनी चष्मा लावून पहिली ओळ वाचली आणि 'दरम्यान' या शब्दावर पेनाने काट मारून 1912 लिहिलं. त्यांना कुणी सांगितलं हे विचारून, तारीख घालून, तोही चौथा संदर्भ म्हणून भरला आहे. पायरी सध्या 'साधारण'.