दोन टोळ्या, एक लंडन
'द गुड डाय यंग' (१९५४) आणि 'द लीग ऑफ जेंटलमन' (१९६०), दोन जुने ब्रिटिश चित्रपट. दोन्हींत युद्धातून परतलेले सैनिक दरोड्याला निघतात. 'लीग'मध्ये जॅक हॉकिन्स रात्री गटाराच्या झाकणातून चक्क सुटाबुटात वर येतो आणि रोल्स रॉइसमध्ये बसतो! पुढं माजी अधिकाऱ्यांना अर्ध्या कापलेल्या नोटा पाठवून जेवायला बोलावतो. सगळं लष्करी शिस्तीत. मजा येते, पण जीव गुंतत नाही.

'गुड'मध्ये गाडीत बसलेले चौघं आधी दिसतात. ते इथवर कसे आले ते नंतर कळतं. स्टॅन्ली बेकरचा बॉक्सर हात गमावून बसलाय, पुंजीही गेलीय. लॉरेन्स हार्वी मात्र नुसता गोडबोल्या साप. पाहुणे असतील तर 'लीग' लावा. मी एकटा असलो की 'गुड'च.