आगत्तीची धावपट्टी की कोच्चीचे जहाज? लक्षद्वीपला डायव्हिंगसाठी जाणाऱ्यांसाठी एक तुलना

लक्षद्वीपला जाण्याचे मार्ग दोनच आहेत. एक हवाई मार्ग, तो आगत्ती बेटावर उतरतो. दुसरा कोच्चीहून सुटणाऱ्या प्रवासी जहाजांचा. केवळ फिरायला जाणाऱ्याने खिसा आणि हाताशी असलेली सुट्टी पाहून यांतला एक निवडला तरी चालते, परंतु स्कूबा डायव्हिंगसाठी जाणाऱ्याला आणखी दोन गोष्टींचा हिशेब करावा लागतो: सोबतच्या साधनांचे वजन आणि शेवटच्या डायव्हनंतर शरीरात उरणारा नायट्रोजन. बाहेरच्या माणसाला लागणारा प्रवेश परवाना दोन्ही मार्गांना सारखाच आवश्यक असल्याने त्याचा या निवडीशी संबंध नाही. तो हातात पडल्याशिवाय पुढचे काही ठरवू नये, एवढे पुरे.

वेळेच्या बाबतीत तुलना एकतर्फी आहे. कोच्ची ते आगत्ती हे सुमारे 459 किलोमीटरांचे अंतर एटीआर जातीचे पंख्याचे विमान साधारण दीड तासात कापते, तर जहाजाला बेटाप्रमाणे 14 ते 18 तास लागतात. महाराष्ट्रातून निघणाऱ्यांसाठी 2024 पासून गोव्यातील मोपा विमानतळावरून आगत्तीची सेवा सुरू झाली आहे, त्यामुळे विशेषतः सिंधुदुर्ग आणि कोल्हापूरकडच्या मंडळींचा कोच्चीचा वळसा वाचू शकतो. मात्र अशा छोट्या मार्गांची वेळापत्रके बदलत असतात, म्हणून निघण्याचा वार ठरवण्याआधी ती पाहून घ्यावीत.

आगत्तीची धावपट्टी 1988 मध्ये सुरू झाली. बेटाच्या दक्षिण टोकाला जमीन इतकी निमुळती होते की जेमतेम बाराशे मीटर लांबीच्या या पट्टीने तिची जवळपास सगळी रुंदी व्यापली आहे, आणि उतरताना दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून पाणीच दिसते. हे दृश्य डोळ्यांचे पारणे फेडणारे असले, तरी वजनाची अडचण त्यातच दडलेली आहे. धावपट्टी आखूड असल्याने उड्डाणाच्या वेळी विमान फार जड असून चालत नाही. शिवाय द्वीपसमूहात दुसरी धावपट्टीच नसल्यामुळे, हवामान बिघडल्यास मुख्य भूमीकडे परतता येईल इतके इंधन सोबत बाळगावे लागते. उरलेल्या वजनात माणसे आणि सामान बसवायचे असते. बॅगेला सामान्यतः 15 किलोंची मर्यादा असते, आणि रेग्युलेटर (सिलेंडरमधली हवा श्वासाला देणारे उपकरण), बीसीडी (पाण्यात तरंगणे सांभाळणारे जाकीट), वेटसूट, फिन्स व मास्क एवढ्यानेच ती जवळपास भरते. सिलेंडर आणि शिशाची वजने डायव्हिंग केंद्राकडूनच मिळतात, त्यामुळे स्वतःचे रेग्युलेटर, मास्क आणि खोली व वेळेचा हिशेब ठेवणारा डायव्ह कॉम्प्युटर न्यावा आणि बाकीचे तिथे भाड्याने घ्यावे, हे मला शहाणपणाचे वाटते. पाण्याखाली छायाचित्रण करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या कॅमेऱ्यांच्या पेट्यांना जहाजच सोयीचे.

जहाजाचा खरा त्रास समुद्र लागण्याचा आहे. रात्रभर उलट्या झालेला माणूस बेटावर पोचतो तो शरीरातले पाणी कमी झालेल्या अवस्थेत, आणि अशा अवस्थेत डायव्ह केल्यास दाब कमी होताना शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन जडणाऱ्या विकाराचा, म्हणजे ‘बेंड्स’चा, धोका वाढतो. समुद्र लागण्यावरच्या गोळ्यांनी येणारी सुस्तीही पाण्याखाली परवडत नाही. त्यामुळे जहाजाने येणाऱ्याने पहिला दिवस कोरडाच धरावा. काही बेटांपाशी जहाज खोल पाण्यात थांबते आणि प्रवाशांना हलत्या दारातून छोट्या होडीत उतरावे लागते, हेही जड बॅगा असणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

परतीच्या प्रवासात मात्र पारडे फिरते. डायव्हिंग करताना दाबामुळे रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडत असतो, आणि विमानाच्या केबिनमधला दाब सुमारे 8,000 फूट उंचीवरच्या हवेइतका खाली येऊ शकत असल्याने तो बुडबुड्यांच्या रूपाने सुटण्याची भीती असते. म्हणून सर्वमान्य सूचना अशी आहे की डीकम्प्रेशन थांब्याची, म्हणजे वर येताना नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून ठराविक खोलीवर थांबण्याची, गरज नसलेल्या एकाच डायव्हनंतर किमान 12 तास, अनेक दिवस वा दिवसाला अनेक डायव्ह केल्यावर किमान 18 तास आणि डीकम्प्रेशन थांबे घ्यावे लागले असल्यास त्याहून बराच अधिक काळ विमानात बसू नये. आगत्तीहून दुपारी विमान असेल, तर आदल्या दिवशीची संध्याकाळही हातची जाते. चार दिवसांच्या सहलीत हा फार मोठा तुकडा आहे. जहाज समुद्रसपाटीवरूनच जात असल्याने सकाळी डायव्ह करून संध्याकाळी त्यात बसता येते आणि प्रतीक्षेचे बहुतेक तास प्रवासातच सरतात. कोच्चीला उतरल्यावर मुंबईचे विमान मात्र शेवटच्या डायव्हपासून तास मोजूनच घ्यावे, किंवा नेत्रावती एक्स्प्रेसने निवांत यावे. तिथूनच मुन्नारला जाण्याचा मोह होतो. पण तेही सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे, तेव्हा हाच नियम तिथेही लागू होतो.

बंगाराम बेटावर जायचे असेल, तर आगत्तीहून होडीचा प्रवास थोडाच आहे, म्हणून विमान सरळ पडते. कदमत बेटावर धावपट्टी नाही. तिथे आगत्तीमार्गे बोटीचा वेगळा टप्पा जुळवण्यापेक्षा थेट कदमतला लागणारे जहाज बरे. ‘समुद्रम्’ ही पाच दिवसांची सरकारी जहाजसहल मात्र डायव्हरसाठी नाही, कारण तिच्यात बेटांवर फक्त दिवसापुरते उतरायचे असते.

दोन्ही तिकिटे जुळत असतील, तर माझे मत जाताना विमान आणि येताना जहाज असे आहे. जहाजांच्या जागा लवकर संपतात, म्हणून परतीची जागा आधी पक्की करावी आणि विमानाचा दिवस तिच्यावरून ठरवावा.