वेळेनुसार दर असलेली वीजयोजना : काही महिने वापरल्यावर

घरातल्या एकूण वापरात संध्याकाळच्या गर्दीच्या तासांचा, म्हणजे विजेची मागणी सर्वांत जास्त असते त्या वेळेचा वाटा कमी असेल, तर ही योजना जरूर घ्यावी. आमच्या घराला ती मानवली. पण घेण्याआधी हा वाटा मोजलाच पाहिजे, आणि त्याला शाळेतलं गणित पुरतं.

आकडे सोपे धरू, चलन कोणतंही चालेल. साध्या योजनेत प्रत्येक युनिटला ८. वेळेनुसार योजनेत गर्दीच्या वेळी ११, एरवी ६. स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असो द्यावी लागणारी ठरलेली रक्कम, दोन्हीकडे सारखा. मग बिलं सारखी कधी येतील? (८ − ६) ÷ (११ − ६), म्हणजे ४० टक्के. २०० युनिटांपैकी ८० गर्दीच्या वेळी गेले, तर दोन्हीकडे १६०० च होतात. वाटा ३० टक्क्यांवर आणला की १५००. म्हणजे युनिटमागे ०.५ वाचतात. पण नव्या योजनेचा स्थिर आकार ५० ने जास्त असेल, तर १०० युनिटांपर्यंतची सगळी बचत तोच खातो. त्यामुळे कमी वापराच्या घरांनी आधी स्थिर आकार बघावा. जाहिरातीत मात्र ठळक असतो तो ६ चा आकडा.

वाटा मोजायला आठवडाभर गर्दीची वेळ सुरू होताना आणि संपताना मीटरचं रीडिंग लिहून ठेवलं की झालं.

खरा फरक पडतो तो गरम पाण्याने. २००० वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट जातं. ते गर्दीच्या वेळेबाहेर नेलं की दर वेळी ५ वाचतात, रोजचे धरले तर महिन्याचे १५०. कपडे धुणं, इस्त्री, पाण्याचा पंप हेही सहज हलतं. दहा वॅटच्या दिव्याच्या मागे मात्र लागू नये. चार तासांत तो ०.०४ युनिट खातो. फ्रिजलाही हात लावायची गरज नाही. तो दिवसभर चालतो, म्हणून चार तासांच्या गर्दीत त्याचा जेमतेम सहावा हिस्सा येतो. ४० टक्क्यांच्या कितीतरी खाली!

उन्हाळ्यात संध्याकाळी एसी लागतो तेव्हा वाटा भराभर वर जातो. इथे मी ठाम आहे : घरात वृद्ध, आजारी किंवा तान्हं मूल असेल तर बिलासाठी त्यांना उकाड्यात ठेवू नये. अशा घरांना एकच दर बरा.

प्रीपेडचाही हिशेब केला. २ टक्के सवलत आणि प्रत्येक रिचार्जला ५ शुल्क असेल, तर २५० च्या रिचार्जवर हाती काहीच लागत नाही. मोठा रिचार्ज केला तरच फायदा. दरमहा समान हप्त्याच्या योजनेत बचत नसते, फक्त बिलाचे चढउतार सपाट होतात. पगार ठरलेला असेल तर तेही मोलाचं आहे.

टप्प्यांचे दर असतील, म्हणजे वापर वाढेल तसा पुढच्या युनिटांचा दर चढत असेल, तर वाचलेलं युनिट सर्वांत वरच्या, महाग टप्प्यातून कमी होतं. तिथे सरासरी दर धरला तर बचत प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते.

किमान मुदतीची अट असेल तर उन्हाळ्यातला एक आठवडा आणि थंडीतला एक, अशी दोन्ही रीडिंग हाती आल्यावरच योजना बदला.